युनियनचं काम कॉलेजात शिकता येतं का?

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका तरुण सेक्रेटरीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 31, आयटीआय फिटर, नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, 340 कायम कामगार. गेल्या वर्षी सेक्रेटरी म्हणून निवडून आलो. चालू करार संपायला चौदा महिने आहेत. मॅनेजमेंट मीटिंगला लॅपटॉप उघडून बसते आणि आमची कमिटी रिकाम्या हाताने जाते. कामगार कायद्याचा किंवा युनियनच्या कामाचा रीतसर कोर्स करावा असं वाटतं. कोणता करू? ड्युटी सांभाळून जमेल का? की एखादा चांगला वकील धरून मोकळं व्हावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक कमिट्या तिथेच फसतात. वकील लागतोच, धरा. पण समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वकिलाला उभं राहता येत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तशी बंदी होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. म्हणजे लेबर ऑफिसच्या ज्या टेबलावर निम्मी प्रकरणं मिटतात किंवा कायमची बिघडतात, तिथे बोलायची पाळी तुमच्यावरच येणार. खातेनिहाय चौकशीत आरोपी कामगाराच्या शेजारी बसायचं, मागणीपत्र लिहायचं, कराराच्या मसुद्यातला एकेक शब्द तपासायचा, ही कामं वकील तुमच्यासाठी करत नाही. केलीच तर कारखान्यातली मशीन, पाळी, लाइन माहीत नसताना करतो, आणि ते मसुद्यात दिसतं.

तेव्हा शिकायला हवंच. कुठे शिकायचं, हा प्रश्न राहतो.

माझं सांगतो, म्हणजे पुढचं कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात 31 वर्षं काढली. त्यातली 18 कमिटीवर, शेवटची 9 सरचिटणीस म्हणून. मधे श्रमिक शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं. 1998 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयात संध्याकाळी जाऊन कामगार कायद्याची पदविका केली. निवृत्तीनंतर तशाच वर्गांवर अधूनमधून शिकवायला जातो.

तुम्हाला सगळ्यात आधी ज्याचं नाव सुचवलं जाईल तो हाच कोर्स. 'डिप्लोमा इन लेबर लॉज अँड लेबर वेल्फेअर', सगळे त्याला डीएलएल म्हणतात. पुणे विद्यापीठाशी संलग्न काही विधी महाविद्यालयांत तो चालतो. एक वर्षाचा आहे, पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. वर्ग बहुधा संध्याकाळी किंवा सकाळी लवकर असतात, म्हणून नोकरदारांना परवडतो. मुंबईत असता तर परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था सांगितली असती. 1947 साली 'बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट' म्हणून सुरू झालेली ही राज्य सरकारची संस्था आज लोखंड्यांचं नाव लावते. 1884 साली गिरणी कामगारांची सभा भरवणारे आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे हेच ते लोखंडे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही आहे, पण तिथले पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णवेळ असतात. पाळीवर जाणाऱ्याला ते जमणारे नाहीत.

आता एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे बहुतेक अभ्यासक्रम टेबलाच्या पलीकडच्या बाजूची माणसं घडवतात. जुन्या कारखाने कायद्याचं कलम 49 सांगायचं की 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमावा; नव्या संहितेत हा आकडा 250 आहे. त्या पदासाठी अर्हता लागते आणि ती या पदविका-पदव्यांतून मिळते. त्यामुळे तुमच्या वर्गात पन्नास जण असले तर चाळीसेक जण एचआरमध्ये असतील किंवा एचआरमध्ये जायला निघालेले असतील. कामगार म्हणून तुम्ही एकटे, फार तर तिघे-चौघे. कामावरून कमी करण्याचं प्रकरण शिकवताना मास्तर सहज म्हणून जातात, 'आपल्याला ही प्रक्रिया पाळावी लागते.' त्या 'आपल्या'त तुम्ही धरलेले नसता.

पहिले दोन महिने मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की समोरचा संघ सरावाला उतरला आहे आणि आपल्याला फुकटात गॅलरीत बसायला मिळालंय.

एक संध्याकाळ सांगतो. खातेनिहाय चौकशीचा सराव होता. आरोप नेहमीचाच, रात्रपाळीत मशीनशेजारी झोपला. माझ्या शेजारच्या बाकावर चाकणच्या एका कंपनीतला पर्सनल ऑफिसर बसायचा. तो झाला मॅनेजमेंटचा प्रतिनिधी, मी बचाव प्रतिनिधी, आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा सुपरवायझर म्हणून साक्षीदार. उलटतपासणीची माझी पाळी आली. मी ऐटीत विचारलं, 'तुम्ही त्याला उठवलंत, तेव्हा तो काय म्हणाला?' पोरगा म्हणाला, 'साहेब, चूक झाली, पुन्हा नाही होणार.' वर्ग खो-खो हसला. झोपल्याची कबुली साक्षीदाराच्या तोंडून मीच काढून दिली होती. तोवर खऱ्या सहा-सात चौकशा मी लढवल्या होत्या. त्यात असले किती प्रश्न विचारले असतील आणि त्यापायी कुणाकुणाची नोकरी गेली असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही, हे पुस्तकात एका ओळीत असतं. मला कळायला तेवढी फजिती लागली.

नंतर टपरीवर चहा पिताना त्याच पर्सनल ऑफिसरने मला जे सांगितलं ते मात्र पुस्तकात नव्हतं. म्हणाला, 'तुम्ही लोक चौकशीत जोरजोरात बोलता त्याची आम्हाला काही भीती नसते. पहिल्या तारखेलाच लेखी अर्ज देऊन कागद मागितले, की मात्र आमची पळापळ होते.' रात्रपाळीचा हजेरीपट, मशीनची त्या तासाची उत्पादन नोंद, सुपरवायझरचा राउंड रजिस्टर, त्याने त्याच रात्री लिहिलेला मूळ रिपोर्ट. त्या तासात मशीनवर नेहमीएवढे नग पडलेले असले तर झोपला कोण? त्या चहानंतर आमच्या युनियनने एकही चौकशी कागद मागितल्याशिवाय सुरू होऊ दिली नाही. डीएलएलच्या अख्ख्या वर्षाची फी त्या एका चहात वसूल झाली.

म्हणून डीएलएल जरूर करा. त्यातून कायदा येईल, कलमं येतील, निवाडे वाचायची सवय लागेल, समोरचा कसा विचार करतो ते कळेल. पण युनियन चालवायला जे लागतं त्यातलं निम्मं तिथे शिकवतच नाहीत. ते शिकायच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा नागपूरला मुख्यालय असलेलं श्रमिक शिक्षण बोर्ड. 1958 साली केंद्रीय श्रमिक शिक्षा बोर्ड म्हणून ते सुरू झालं, आता त्याला दत्तोपंत ठेंगडींचं नाव आहे. जुन्या कामगारांना विचारा, 'बोर्डाचा क्लास' म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलतो. मूळ रचनाच सुंदर होती. बोर्डाचे शिक्षण अधिकारी कारखान्यांतून निवडून आलेल्या कामगारांना शिकवायचे. ते श्रमिक शिक्षक होऊन आपल्या कारखान्यात परत यायचे आणि इतरांचे वर्ग घ्यायचे. कंपनी पगारी सोडायची. मी तसाच शिकलो. फळ्यावर दुसऱ्याला समजावून सांगायला लागलो तेव्हा बोनसची आकारणी मला स्वतःला पहिल्यांदा कळली. आज बोर्डाचा भर असंघटित आणि ग्रामीण कामगारांच्या शिबिरांवर जास्त आहे. तरी पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन कमिटीसाठी वर्ग मागा. मागणारं कुणी आलं की त्यांनाही बरं वाटतं. मुंबईत 1970 पासून बोर्डाची भारतीय श्रमिक शिक्षा संस्थाही आहे, ती खास कार्यकर्त्यांसाठी.

दुसरी जागा नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था, केंद्रीय श्रम मंत्रालयाची. तिथे युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी थोड्या दिवसांचे निवासी वर्ग होतात. तिथला खरा लाभ जेवणाच्या टेबलावर असतो. बंगालच्या चहामळ्यातला, तमिळनाडूच्या वाहन उद्योगातला आणि तुम्ही असे एका ताटाला बसता, तेव्हा तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमध्ये काय करार झाला ते कळतं. तो आकडा तुमची मॅनेजमेंट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

मध्यवर्ती संघटनांच्याही संस्था आहेत. मुंबईत गं. द. आंबेकरांच्या नावाची इंटकच्या परंपरेतली, मणिबेन कारांच्या नावाची हिंद मजदूर सभेच्या परंपरेतली. डाव्या संघटना आणि भारतीय मजदूर संघ स्वतःची शिबिरं घेतात. तुमची युनियन स्वतंत्र असेल तर कुणाच्या शिबिराला जायचं यावरून कमिटीत कुजबुज होईल. मी तर सगळीकडे गेलो. शिबिरातलं भाषण ज्याचं त्याने घ्यावं. चार्टर, म्हणजे मागणीपत्र, कसा लिहायचा, मिनिट बुक कसं ठेवायचं हे सगळीकडे सारखंच शिकवतात.

शिक्षण कुणाच्या बाजूने द्यायचं, ही भांडणं जुनीच आहेत. ऑक्सफर्डला 1899 मध्ये कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघालं. दहा वर्षांनी तिथल्या विद्यार्थ्यांनीच संप पुकारला. निमित्त प्राचार्यांना काढल्याचं, पण मूळ वाद अर्थशास्त्र कोणतं शिकवायचं हाच होता. त्यातल्या काहींनी बाहेर पडून आपलं वेगळं कॉलेज काढलं. डीएलएलच्या वर्गात 'आपल्याला' ऐकलं की मला ही पोरं आठवतात.

आता जे कोणत्याच कोर्समध्ये पुरेसं शिकवत नाहीत त्याबद्दल. हिशेब. तुमच्या मॅनेजमेंटच्या लॅपटॉपमध्ये दुसरं काही नसतं, एक एक्सेल असते. ती तुम्हाला कागदावर मांडता आली पाहिजे.

समजा करार 12,000 रुपयांच्या वाढीचा झाला, तीन वर्षांसाठी. गेटवर फटाके वाजले, गुलाल उधळला, फ्लेक्सवर 12,000 छापून आलं. पण ही वाढ कशी विभागली आहे? 50-25-25 असेल तर पहिल्या वर्षी महिना 6,000, म्हणजे 72,000. दुसऱ्या वर्षी 9,000 प्रमाणे 1,08,000. तिसऱ्या वर्षी 12,000 प्रमाणे 1,44,000. छत्तीस महिन्यांत हातात 3,24,000. तोच 12,000 चा करार 70-15-15 ने झाला असता तर 1,00,800, मग 1,22,400, मग 1,44,000, एकूण 3,67,200. फरक माणशी 43,200 रुपयांचा, आणि फ्लेक्सवरचा आकडा तोच. 40-30-30 झाला तर 3,02,400 वर येता. आमच्या भागात कित्येक कमिट्यांनी शेवटच्या रात्री 500 रुपये वाढवून घेण्याच्या नादात विभागणी सोडून दिली. मीही एका करारात दिलेली आहे. 340 ने गुणून बघा, रक्कम कोटीच्या पुढे जाते.

मग हे 12,000 कशावर? हातातल्या पगारावर की सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या माणशी एकूण खर्चावर? सीटीसीवर असतील तर त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आला, ग्रॅच्युइटीची तरतूद आली, कधीकधी बस आणि कॅन्टीनही आलं. हातात येता येता आकडा बराच बारीक होतो. आणि वाढ बेसिकमध्ये गेली की भत्त्यात? 25 वर्षं नोकरी झालेल्या माणसाचे 5,000 बेसिकमध्ये पडले तर ग्रॅच्युइटीच्या 15/26 च्या हिशेबाने (नोकरीच्या दर वर्षामागे महिन्याच्या 26 दिवसांपैकी 15 दिवसांचा पगार) निवृत्तीला सुमारे 72,000 जास्त मिळतात. तेच 'स्पेशल अलाउन्स'मध्ये पडले तर जुन्या कायद्यात शून्य. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे, त्यामुळे हे गणित पुन्हा मांडावं लागेल. कमिटीतल्या एकाला तरी ते पाठ पाहिजे.

महागाई भत्त्याचंही तसंच. तुमच्या जुन्या करारात महागाई मोजणाऱ्या किंमत निर्देशांकाची कोणती मालिका आहे ते काढून बघा. 2016 हे पायाभूत वर्ष धरलेली मालिका 2020 साली आली. 2001 च्या मालिकेशी तिला जोडायला देशपातळीवर 2.88 चा दुवा आहे, 1982 वरून 2001 वर यायला 4.63 चा, 1960 वरून 1982 वर यायला 4.93 चा. जुन्या करारात 'पॉइंटमागे अमुक पैसे' असं लिहिलेलं असतं आणि मालिका बदलल्यावर दुव्याचा गुणाकार करायला कुणी सांगत नाही. एका कारखान्यात मी गेलो तेव्हा तो गुणाकार दोन वर्षं राहूनच गेला होता. मॅनेजमेंटने गुपचूप ठेवलं होतं म्हणावं, तर त्यांच्याही अकाउंट्सवाल्याला माहीत नव्हतं.

ताळेबंद वाचायला शिका. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून तिचे वार्षिक हिशेब बघता येतात. सगळं वाचायची गरज नाही. विक्री किती, 'कर्मचारी लाभ खर्च' किती, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागल्यावर काय येतं ते तीन-चार वर्षांचं शेजारी शेजारी लिहा. त्या खर्चात मॅनेजरांचे पगारही असतात हे लक्षात ठेवा. कंत्राटी कामगारांचा खर्च मात्र बहुधा तिथे नसतो, तो 'इतर खर्चां'त दडलेला असतो. कंपनीचं मूळ परदेशात असेल तर रॉयल्टी आणि तांत्रिक सेवेची फी किती पाठवली ती टीप शोधा. 'यंदा नफा नाही' म्हणणाऱ्या मीटिंगमध्ये या टिपेचा पान क्रमांक सांगता आला तर पुढचं बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

आणि कागदपत्रं. हे सांगताना लाज वाटते, पण सांगतो. आमच्या कमिटीतल्या दोघांची तडकाफडकी दुसऱ्या युनिटला बदली झाली. सरळ सरळ सूडाची. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात, ज्याला आपण एमआरटीयू म्हणतो, अनुसूची चारमध्ये दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा म्हणून दिलेली आहे. तक्रार करायला 90 दिवसांची मुदत. आम्ही काय केलं? पत्र लिहिलं. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र, त्यात 'तीव्र निषेध'. मॅनेजमेंट प्रत्येक वेळी म्हणायची, पुढच्या आठवड्यात बसू. मी कोर्टाच्या कामाला लागलो तेव्हा 112 दिवस झाले होते. विलंब माफीचा अर्ज करावा लागला. त्यात उत्तर देता देता वर्ष गेलं, आणि दोघांपैकी एकाने कंटाळून राजीनामा दिला. तेव्हापासून युनियन ऑफिसच्या भिंतीवर कॅलेंडर असतं. घटना घडली त्या तारखेवर लाल गोल, 75 व्या दिवसावर दुसरा लाल गोल. डीएलएलच्या पुस्तकातलं मुदतीचं कलम 28 मला पाठ होतं. तारीख कुणी लक्षात ठेवायची, हे आमच्यात ठरलेलं नव्हतं.

म्हणून कोर्सला जाताना बॅगेत तुमच्या कारखान्याचे कागद असू द्या. मागचा करार, स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम), दोन-तीन आरोपपत्रं (नावं झाकून), युनियनचं मिनिट बुक. मास्तर कलम शिकवतील त्या दिवशी घरी जाऊन ते कलम तुमच्या कागदावर लावून बघा. पोच घेतली आहे का? ठरावावर सह्या आहेत का? कराराचा मसुदा मंजूर केल्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव कुठे आहे? वर्षअखेरीस निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्र गेलं का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर दहापैकी सहा सेक्रेटरी खिशात हात घालतात.

नोट्स कोणत्या सालच्या आहेत तेही पहिल्या दिवशी विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत. 1926 चा ट्रेड युनियन कायदा, 1946 चा स्थायी आदेशांचा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही औद्योगिक संबंध संहितेत गेले. जुन्या नोट्स टाकून देऊ नका, जुने दावे जुन्याच भाषेत चालू आहेत. पण काही आकडे बदललेत आणि ते तुमच्या मुळावर येणारे आहेत. एमआरटीयूत 30 टक्के सभासदांवर मान्यता मिळायची. संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर, एकमेव वाटाघाटी युनियन व्हायला 51 टक्के लागतात. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस केंद्रीय कायद्याने लोकोपयोगी सेवांनाच बंधनकारक होती, आता ती सगळ्या कारखान्यांना लागते, 14 दिवसांची. निम्मे किंवा त्याहून जास्त जण एकाच दिवशी मिळून किरकोळ रजेवर गेले तर तोही संप धरला जातो. 'सामुदायिक रजा टाका' असं गेटवर बोलून जायचे दिवस गेले.

तुमच्यासाठी खास एक: 300. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात आणि कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी 300 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच लागते. स्थायी आदेशांचंही तेच. तुमचे 340 आहेत. उद्या स्वेच्छानिवृत्तीची आकर्षक योजना आली आणि पंचेचाळीस जणांनी पैसे घेतले तर तुम्ही कुठे येता ते मोजा. वाटाघाटीत 'कायम पदांची किमान संख्या' हा मुद्दा मागणीपत्रात घालायचं कुणाला सुचत नाही, कारण त्यात पैसे दिसत नाहीत.

मान्यतेचा कायदा नीट शिकणं किती महत्त्वाचं, हे मुंबईला विचारा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता आणि बोलणी करायचा हक्क कायद्याने त्याचाच. रस्त्यावर एक युनियन, कागदावर दुसरी. त्या एका तरतुदीवर मी वर्गात दोन तास घेतो, आणि शेवटी पोरं 'मग काय करायला हवं होतं?' विचारतात तेव्हा आपापसात भांडू देतो.

ड्युटीचं. खाजगी कारखान्यात युनियनचं शिक्षण घ्यायला पगारी रजा मागायचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1974 चा पगारी शैक्षणिक रजेचा करार, क्रमांक 140, भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे ही रजा करारातूनच मिळवावी लागते. 'कमिटी सदस्यांना वर्षाकाठी अमुक दिवस प्रशिक्षणासाठी ऑन ड्युटी सोडले जाईल' एवढं एक वाक्य. मॅनेजमेंट ते फारशी कुरकुर न करता देते, कारण त्यांना ते स्वस्त वाटतं. तोवर पाळी बदलून घ्या. डीएलएलच्या वर्षात मी कायम पहिली पाळी मागून घेतली होती. बदल्यात शेजारच्या मशीनवाल्याच्या दिवाळीच्या रात्रपाळ्या केल्या. रांजणगावहून रोज संध्याकाळी पुण्यात जायचं-यायचं म्हणजे नगर रस्त्याची वाहतूक धरून तीन तास समजा. परीक्षेच्या महिन्यात घरचे वैतागतील, ते आधीच सांगून ठेवा.

दोघांनी मिळून प्रवेश घ्या, हा माझा आग्रह. सेक्रेटरी एकटाच शिकला तर दोन वर्षांत कमिटी त्याला म्हणते, 'तुला सगळं कळतं, तूच बघ.' पुढच्या निवडणुकीत तो पडला की शिकलेलं त्याच्याबरोबर जातं. दुसरा माणूस खजिनदार असला तर उत्तम. कारखान्यात महिला कामगार असतील तर त्यांच्यातली एक जरूर न्या, आणि मग वर्गाची वेळ तिच्या कंपनी बसच्या वेळेशी जुळवून घ्या. नाहीतर पहिल्या महिन्यातच तिचं येणं बंद होतं आणि सगळे म्हणतात, 'बायकांना इंटरेस्टच नसतो.'

विद्यापीठ आणि युनियन यांचं नातं उलट दिशेनेही जातं, हे पुण्यात राहून विसरू नका. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या इथल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. शिकवायला गेलेल्यांना कचरा डेपोवरचा दिवस दिसला आणि अक्षर ओळखीच्या वर्गातून ओळखपत्रांची मागणी निघाली. 2008 मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेबरोबर करार झाला. त्यांच्या सभेला एकदा जाऊन बसा. अंगठा लावणारी बाई किलोच्या भावाचा हिशेब तोंडी कसा मांडते ते ऐका. आपल्या कमिटीतल्या डिप्लोमावाल्यांना ते जमत नाही.

चौदा महिन्यांचं गणित असं. प्रवेश साधारण जून-जुलैमध्ये होतात. अर्ज भरायच्या आधीच बोर्डाच्या पुणे कार्यालयात कमिटीच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी पत्र द्या, पोच घ्या. मागणीपत्र करार संपायच्या दोन-तीन महिने आधी तयार हवं, म्हणजे कोर्सचा दुसरा भाग आणि मागणीपत्राचा मसुदा एकाच वेळी हातात येतील. ते चांगलंच आहे. प्रकल्प म्हणून तुमच्या कारखान्याचाच विषय मागा, 'कंत्राटी पद्धतीचा अभ्यास' असलं सगळ्यांचं ठरलेलं काही घेऊ नका.

आणि येत्या रविवारी एवढं करा: वेगवेगळ्या खात्यांतल्या, वेगवेगळ्या वर्षी लागलेल्या पाच जणांच्या पगाराच्या स्लिपा मागून घ्या. एका मोठ्या कागदावर बेसिक, महागाई भत्ता, प्रत्येक भत्ता, पीएफ, हातात आलेली रक्कम असे रकाने पाडून हाताने लिहा. एक्सेलमध्ये नको, हाताने. एकच काम करणाऱ्या दोघांत फरक का आहे, ते स्वतःला विचारत जा. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे गोल करा. डीएलएलच्या पहिल्या तासाला तो कागद घेऊन जा.